स्वतःचे पुस्तक स्वतः काढताना: कथा-कादंबरीकार आणि छोट्या प्रकाशकांसाठी

स्वतःचे पुस्तक स्वतः काढायचे ठरले की बहुतेक जण पहिला फोन छापखान्याला करतात आणि दर प्रत पाच रुपये कमी करून घेण्यात आठवडा घालवतात. पाचशे प्रतींवर त्यातून अडीच हजार रुपये वाचतात. त्याच पुस्तकाच्या चारशे साठऐवजी तीनशे प्रती विकल्या गेल्या तर तीस हजारांचा फरक पडतो. नावानिशी ठाऊक असलेले वाचक किती, हा आकडा छपाईच्या दरापेक्षा फार मोठा आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे लक्षात ठेवून लावल्या आहेत. उदाहरणासाठी एकच पुस्तक धरले आहे: सुमारे ५०,००० शब्दांची मराठी कादंबरी, डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), २०८ पाने, ५०० प्रती.

संहिता खरोखर पूर्ण झाली आहे का

शेवटचे प्रकरण लिहून झाले की संहिता महिनाभर बाजूला ठेवा. नंतर ती नात्यातल्या नसलेल्या तीन जणांना वाचायला द्या. 'कशी वाटली?' असे विचारलेत तर 'छान' हेच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: वाचताना कुठे थांबलात? कोणते पात्र मध्येच विसरलात? कोणते पान पुन्हा वाचावे लागले? तिघांपैकी दोघे एकाच ठिकाणी थांबले असतील तर तिथे दुरुस्ती हवी, मग ते प्रकरण तुम्हाला कितीही प्रिय असो.

त्यानंतर संपादन. मराठीत संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन कामे सर्रास एकाच माणसावर टाकली जातात, आणि पुस्तकाचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. संपादक विचारतो की या प्रसंगात निवेदक हजर नव्हता, मग त्याला हे कळले कसे? मुद्रितशोधक पाहतो की 'पाणी' पहिल्या वेलांटीचे पडले आहे का. एक नजर आशयावर आणि एक नजर अक्षरावर, अशी दोन्ही कामे एका वाचनात होत नाहीत. पैसे कमी असतील तर मुखपृष्ठावर चित्राऐवजी नुसती अक्षरे घ्या, पण संपादक आणि मुद्रितशोधक वेगळे ठेवा.

संपादकासोबत बसून लेखननियमांची एक यादी करा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम पायाला आहेतच, पण कादंबरीत त्यांच्यापलीकडचे प्रश्न पडतात. निवेदनात 'केले, गेले' आणि संवादात 'केलं, गेलं', की सगळीकडे अनुस्वार? 'येतेय' की 'येतंय'? मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारे पात्र असेल तर त्याच्या तोंडचे पन्नासेक शब्द कसे लिहायचे, हे एकदाच ठरवून यादीत घाला. बोलीतला शब्द 'सुधारला' जाणे ही कथासाहित्यातली नेहमीची दुर्घटना आहे. यादी हातात असली की मुद्रितशोधकाला ती टाळता येते.

संहिता युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, टाइप केलेली असावी. फाइल पुढे देण्याआधी 'शोधा आणि बदला' वापरून चार गोष्टी साफ करा: दोन शब्दांमधल्या दुहेरी मोकळ्या जागा, विरामचिन्हाआधी पडलेली जागा, सरळ अवतरणचिन्हे आणि 'ऑ'ऐवजी 'आ'वर चंद्र देऊन उमटवलेले अक्षर. हे शेवटचे पडद्यावर सारखेच दिसते, पण वेगळ्या फाँटमध्ये गेले की फुटते.

आता हिशोब

खर्चाचे दोन कप्पे करा. पहिला कप्पा प्रतींच्या संख्येने बदलत नाही: संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मांडणी, मुखपृष्ठ. समजा, याला ४०,००० रुपये लागले. दुसरा कप्पा कागद, छपाई आणि बांधणीचा. समजा, तो दर प्रत ९० रुपये, म्हणजे पाचशे प्रतींचे ४५,०००. एकूण ८५,०००. तुमच्या गावातले दर वेगळे असतील, तुमचे आकडे घालून हेच गणित करा.

पाचशेपैकी चाळीस प्रती विक्रीला नसतात. कायद्याने ग्रंथालयांना द्यायच्या प्रती, परीक्षणासाठी, पुरस्कारांसाठी, लेखकाच्या, मदत करणाऱ्यांच्या. विक्रीला उरल्या ४६०. किंमत ३५० रुपये ठेवली, निम्म्या प्रती दुकानांतून ४० टक्के कमिशनवर गेल्या आणि निम्म्या थेट वाचकाला २० टक्के सवलतीत घरपोच गेल्या, असे धरू.

दुकानातून दर प्रत २१० रुपये येतात. थेट विक्रीत २८०, त्यातून पाकीट आणि टपालाचे ४० वजा जाता २४०. दोन्ही मिळून १,०३,५०० रुपये. लेखकाला छापील किमतीच्या १० टक्के मानधन दिले तर १६,१०० गेले, ८५,००० खर्चाचे गेले, हातात उरले २,४००. सगळ्या प्रती दुकानांतूनच गेल्या असत्या तर साडेचार हजारांची खोट, सगळ्या थेट गेल्या असत्या तर ९,३०० शिल्लक. आणि दोन्हीकडे मिळून तीनशेच विकल्या गेल्या तर २८,००० रुपयांचा खड्डा.

हे आकडे पाहून किंमत २५० ठेवण्याचा मोह सोडा. वाचक शंभर रुपयांसाठी नव्या लेखकाचे पुस्तक नाकारत नाही. त्याने लेखकाचे नावच ऐकलेले नसते, म्हणून नाकारतो. किंमत कमी केल्याने ती अडचण सुटत नाही.

प्रतींची संख्या ठरवायची तर एक वही घ्या आणि जे विकत घेतील असे खात्रीने वाटते त्यांची नावे लिहा. ओळखीचे लोक नव्हेत, विकत घेणारे. नावे दीडशेच्या आत असतील तर डिजिटल छपाईवर शंभर-दीडशे प्रती काढा. त्यात छपाईसाठी वेगळी प्लेट बनवावी लागत नाही, त्यामुळे पन्नास छापा की दोनशे, दर प्रत खर्च जवळपास तोच राहतो आणि संपल्या की पुन्हा छापता येतात. तीनशे ते पाचशेच्या दरम्यान कुठेतरी ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई, स्वस्त पडू लागते. नेमके कुठे, ते तुमच्या छापखान्याचे दोन्ही दर मागवूनच कळेल. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशेची असते हा जुना हिशोब डोक्यातून काढून टाका. पलंगाखाली खोकी साठली की पुढचे पुस्तक काढायची उमेद जाते, हे छोट्या प्रकाशनांच्या बाबतीत फार वेळा घडते.

कागदपत्रे, आणि कोणाला फुकट पैसे देऊ नका

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत देते, अर्ज ऑनलाइन होतो, आणि लेखक स्वतः प्रकाशक असेल तरी चालतो. मधले लोक याचे पैसे घेतात आणि वर क्रमांक त्यांच्या संस्थेच्या नावावर येतो, म्हणजे नोंदीत प्रकाशक तुम्ही नव्हे, ते. अर्ज छपाईच्या पुष्कळ आधी करा. क्रमांक मिळायला किती दिवस लागतील याचा भरवसा धरू नये. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही.

बारकोड मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या पट्टीवर शुद्ध काळ्या रंगात. त्याचा मूळ आकार सुमारे ३७ बाय २६ मिलिमीटर असतो. ८० टक्क्यांपेक्षा लहान केला किंवा मुखपृष्ठाच्या रंगसंगतीत बसावा म्हणून तपकिरी केला, तर दुकानातले यंत्र तो वाचत नाही.

स्वामित्वहक्क लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो. १९५७च्या कायद्याने त्याला नोंदणीची गरज नाही आणि तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी केली तर वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढेच.

प्रकाशनाच्या नावासाठी सुरुवातीला एकल मालकी पुरते. त्या नावाने बँकेत चालू खाते उघडा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे आणि खाते उघडताना कामी येते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागद आणि छपाईच्या बिलावर तो असतो आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो परत मिळत नाही. छापखान्याचा दर मागताना 'करासहित किती?' असेच विचारा.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांत चार प्रती स्वखर्चाने पाठवायच्या असतात: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. हा १९५४चा कायदा आहे आणि पुष्कळ नवे प्रकाशक तो पाळत नाहीत. पाळावा. तुमचे घर आणि तुमची संगणक फाइल राहो न राहो, तिथली प्रत राहण्याची शक्यता सर्वांत जास्त.

अक्षरजुळणी आणि तीन प्रुफे

मराठी अक्षरजुळणीत अजूनही श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम करणारे पुष्कळ आहेत. तुमची युनिकोड फाइल त्या फाँटमध्ये रूपांतरित होते तेव्हा काही अक्षरे गुपचूप बदलतात. सर्वांत जास्त घात होतो तो अर्ध्या 'र'चा. स्वयंपाक करणाऱ्या 'आचाऱ्यांना' बोलावणे धाडलेले असते आणि छापले जाते 'आचार्यांना'. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर गप्प बसते. म्हणून रूपांतरानंतरच्या पहिल्या प्रुफात (छपाईआधी तपासायच्या प्रतीत) एक वाचन फक्त यासाठी राखून ठेवा: 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ॲ', 'ऑ', 'ज्ञ', 'द्ध', 'ङ्म' आणि अनुस्वार.

त्यापेक्षा युनिकोड फाँटमध्येच जुळणी करणारा माणूस शोधलात तर हा धोका जवळपास संपतो, आणि पुढे ई-पुस्तक करताना पुन्हा टाइप करावे लागत नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, तिरो देवनागरी मराठी असे फाँट मोफत मिळतात. कोणताही घ्या, पण 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना ते आधी पाहा. हिंदी वळणाचा 'ल' पानभर दिसत राहिला की मराठी वाचकाला सारखे अडखळल्यासारखे होते. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होणार असेल तर परिच्छेदाला त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय लावलेला हवा, नाहीतर वेलांट्या अक्षर सोडून भलतीकडे बसतात.

डेमी पानावर अक्षर साडेबारा पॉइंट, दोन ओळींत सतरा-साडेसतरा पॉइंटांचे अंतर, शिवणीच्या बाजूला २० मिलिमीटर आणि बाहेर १५ मिलिमीटर समास ठेवला की पानावर अठ्ठावीस ओळी बसतात, म्हणजे संवाद धरून अडीचशेच्या आसपास शब्द. ५०,००० शब्दांची दोनशे पाने झाली, वर आठ पाने शीर्षक, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका यांची. पाने वाचवायला अक्षर अकरावर आणू नका. कादंबरी विकत घेणाऱ्यांत साठीच्या पुढचे वाचक पुष्कळ असतात आणि ते दुकानात आधी पुस्तक उघडून अक्षर बघतात.

प्रुफे तीन वेळा वाचायची. पहिले मुद्रितशोधक मूळ संहितेशी ताडून वाचेल, दुसरे लेखक वाचेल. तिसऱ्या प्रुफात फक्त आधी सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का ते पाहायचे आणि त्या करताना शेजारची ओळ बिघडली नाही ना, तेही. लेखकाने दुसऱ्या प्रुफावर नवी वाक्ये लिहायला घेतली की पाने सरकतात, अनुक्रमणिका चुकते आणि सगळे चक्र पुन्हा सुरू होते. पुनर्लेखनाची मुदत संपादनाबरोबर संपली, असे आधीच ठरवून घ्या. प्रूफ कागदावरच वाचा, आणि संवाद मोठ्याने वाचा; गळलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, पण जिभेला अडतो.

श्रेयपानावर काय हवे: पुस्तकाचे नाव, साहित्यप्रकार, स्वामित्वहक्क कोणाचा आणि कोणत्या वर्षी, प्रकाशकाचे नाव-पत्ता, मुद्रक, मुखपृष्ठकार, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, आवृत्तीची तारीख, आयएसबीएन, किंमत. मुद्रितशोधकाचे नाव न विसरता छापा.

कागद, छपाई, बांधणी

डेमी म्हणजे कापून साडेपाच बाय साडेआठ इंच. त्यासाठी २३ बाय ३६ इंचांचा कागद लागतो. त्याच्या अर्ध्या तावावर दोन्ही बाजू मिळून सोळा पाने छापली जातात, हा एक फॉर्म. म्हणून पानांची संख्या सोळाच्या पटीत हवी. २०८ पाने म्हणजे बरोबर १३ फॉर्म. २१० पाने झाली तर त्या दोन पानांसाठी वेगळी प्लेट आणि वेगळी छपाई. तेव्हा दोन पाने कमी करा किंवा १४ पाने भरायला काही आहे का ते बघा.

कागदाचा हिशोब स्वतःला आला पाहिजे. १३ फॉर्म म्हणजे दर प्रत साडेसहा पूर्ण ताव. ५०० प्रतींना ३,२५० ताव, म्हणजे साडेसहा रीम (एका रीममध्ये ५०० ताव). ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा) २३ बाय ३६ कागद रीमला सुमारे १८.७ किलो भरतो, म्हणजे कागद झाला १२१ किलोच्या थोडा वर. यंत्र लावताना आणि बांधणीत ताव खराब होतात, त्यासाठी पाच ते दहा टक्के जास्त धरा. छापखान्याने दोनशे किलोचे बिल लावले तर विचारायला तुमच्याकडे आकडा असतो.

कागद ७० जीएसएम मॅप्लिथो, नॅचरल शेडचा. झगझगीत पांढऱ्यावर रात्री दिव्याखाली डोळे दुखतात, आणि ६० जीएसएमवर मागच्या पानाची अक्षरे पुढे दिसतात. कागदाचे तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर आहेत ना, हे विचारा. आडवे असतील तर पुस्तक उघडे राहत नाही आणि दमट हवेत पाने कण्याजवळ लाटेसारखी उठतात.

आता वजन. २०८ पानांची ही प्रत ७० जीएसएमवर आणि ३०० जीएसएमच्या मुखपृष्ठासह साधारण २४० ग्रॅम भरते, पाकिटासकट २७०. टपाल खात्याने मे २०२५मध्ये सुरू केलेल्या ज्ञान पोस्ट या पुस्तके पाठवायच्या सेवेचा पहिला टप्पा ३०० ग्रॅमचा आहे. सुरू झाली तेव्हा त्याचा दर कर वगळून २० रुपये होता, आणि ५ किलोपर्यंत १००. हेच पुस्तक २५६ पानांचे केले तर पाकिटासकट ते ३०० ग्रॅम ओलांडते आणि प्रत्येक पार्सलला जास्त पैसे पडतात. मांडणी ठरवतानाच तराजू जवळ ठेवावा. आपले पुस्तक या सेवेत बसते का आणि आजचा दर काय, हे टपाल कार्यालयात एक प्रत दाखवून पक्के करून घ्या. प्रतीवर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव छापलेले असावे लागते.

मुखपृष्ठाची फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, चित्रे ३०० डीपीआय, चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीची जागा. कण्याची जाडी अंदाजाने धरू नका. छापखान्याकडून त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची कोरी डमी बांधून घ्या, पट्टीने मोजा आणि मगच चित्रकाराला आकडा द्या. २०८ पानांचा कणा साधारण एक सेंटिमीटर येतो, पण दोन मिलिमीटर चुकले तरी कण्यावरचे नाव मुखपृष्ठाच्या पुढच्या बाजूवर घसरते. मोबाइलवर बोटाच्या पेराएवढे केले तरी नाव वाचता येते का, हेही बघा. निम्मे वाचक मुखपृष्ठ पहिल्यांदा तिथेच पाहणार आहेत.

बांधणीत दोन पर्याय. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फॉर्मची पाठ घासून गरम गोंदाने मुखपृष्ठ चिकटवतात. गोंद हलका असेल तर विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात पाने सुटतात. शिलाई करून मग चिकटवलेले पुस्तक दर प्रत काही रुपये महाग पडते, पण ग्रंथालयात पन्नास हातांतून गेले तरी टिकते. ग्रंथालये हे तुमचे गिऱ्हाईक असेल तर शिलाईच घ्या. पावसाळ्यात छपाई असेल तर लॅमिनेशन झालेली मुखपृष्ठे लगेच बांधणीला जाऊ देऊ नका, दिवसभर वजनाखाली ठेवा. नाहीतर महिन्याभरात पुस्तकाचे तोंड उघडे पडते.

सगळा माल ताब्यात घेण्याआधी दहा तयार प्रती मागवा आणि त्यातली एक पान मोजत तपासा. एखादा फॉर्म दोनदा लागलेला, एखादा गळलेला किंवा उलटा असतो. अशा प्रती बदलून देण्याची जबाबदारी छापखान्याची, हे आधीच लेखी ठरवा. शेवटचा हप्ता या तपासणीनंतर द्या. खोकी जमिनीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नका. खाली लाकडी फळ्या, मागे वीतभर जागा.

विक्री पुस्तक येण्याआधी सुरू होते

प्रकाशनपूर्व सवलत ही मराठी ग्रंथव्यवहाराची जुनी आणि अतिशय शहाणी रीत आहे. तिसरे प्रूफ हातात आले की मुखपृष्ठ, एका प्रकरणाची पीडीएफ आणि २५-३० टक्के सवलत जाहीर करा. मुदत तीन आठवडे. पैसे यूपीआयने, नाव-पत्ता-पिनकोड एका फॉर्मवर. जितकी मागणी आली त्यावरून प्रतींचा शेवटचा आकडा ठरवा. छपाईची ऑर्डर त्यानंतर. पुस्तक यायला उशीर झाला तर पैसे भरलेल्या प्रत्येकाला स्वतःहून कळवा. ही यादी जपून ठेवा, तुमच्या दुसऱ्या पुस्तकाचे भांडवल तीच आहे.

दुकानांत पुस्तक सहसा 'विकले की पैसे' या बोलीवर राहते. पुण्याचा अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर-गिरगाव, आणि तुमच्या जिल्ह्यातली दोन चांगली दुकाने, सुरुवातीला एवढी पुरेत. प्रत्येक ठिकाणी पाच प्रती, चलनावर सही-शिक्का, तीन महिन्यांनी हिशोब. वीस दुकानांत दहा-दहा प्रती टाकल्या की दोनशे प्रती कागदावर 'गेलेल्या' दिसतात आणि वर्षाने धूळ खाऊन परत येतात. वितरक ५० टक्क्यांपर्यंत कमिशन मागतो. वरच्या हिशोबात ५० टक्के घालून बघा आणि मगच हो म्हणा. ऑनलाइन विक्रीसाठी बुकगंगासारखे मराठीचे संकेतस्थळ आधी, बाकीची नंतर.

प्रकाशन समारंभावर वीस हजार घालवण्यापेक्षा चार गावांत अभिवाचन ठेवा. ग्रंथालयाचा हॉल, चाळीस खुर्च्या, पाऊण तासाचे वाचन, टेबलावर प्रती आणि क्यूआर कोड. परीक्षणासाठी प्रती सरसकट वाटू नका. ज्या परीक्षकाने या प्रकारच्या कथेवर आधी लिहिले आहे त्यालाच, एका छोट्या पत्रासह पाठवा. दिवाळी अंक हे नव्या कथाकाराचे खरे दालन आहे. कथा मे-जूनपर्यंत पोचवा आणि पुस्तकरूपाचा हक्क आपल्याकडे असल्याचे सोबतच्या पत्रात लिहा. अंकात कथा वाचलेला माणूस संग्रह विकत घेतो.

प्रकाशनाचा महिनाही विचाराने निवडा. राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार कॅलेंडर वर्षावर चालतात आणि त्यांत पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे विभाग आहेत: कादंबरीला श्री. ना. पेंडसे पुरस्कार, लघुकथेला ग. ल. ठोकळ पुरस्कार. २८ डिसेंबरला आलेले पुस्तक चार दिवसांत 'गेल्या वर्षीचे' होते. जानेवारी-फेब्रुवारीत काढलेत तर वर्ष हाताशी राहते. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठीही प्रत पाठवा, अनुदानित ग्रंथालये खरेदी करताना ती यादी पाहतात. पहिलेच पुस्तक असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी तपासा; मात्र तिथे हस्तलिखित छपाईपूर्वी द्यावे लागते.

ई-पुस्तक छापील प्रतीनंतर चार-सहा महिन्यांनी काढा. युनिकोड फाइल असेल तर ईपब (ई-पुस्तकाची फाइल) करणे एका दिवसाचे काम आहे.

दुसऱ्याचे पुस्तक काढताना

मित्राची कादंबरी असली तरी करार लेखी हवा. कायद्याने हक्काचे हस्तांतर लेखीच लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मुदत तीन ते पाच वर्षे ठेवा. छापील, ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद आणि चित्रपट हे हक्क वेगवेगळ्या ओळींत लिहा. जे तुम्ही वापरणार नाही ते मागू नका. मानधन छापील किमतीवर की प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर, हे शब्दांत लिहा. दर ३१ मार्चला लेखकाला एक पान पाठवा: छापल्या किती, विकल्या किती, मोफत गेल्या किती, शिल्लक किती. विक्री सात प्रतींची असली तरी पाठवा.

लेखक म्हणून तुम्ही कुणाला पैसे देऊन पुस्तक काढून घेत असाल तर चार प्रश्न विचारा. आयएसबीएन कोणाच्या नावे? छपाईच्या फाइल मला मिळतील का? प्रती कोणाच्या ताब्यात राहतील? आणखी प्रती मला कोणत्या दराने मिळतील? यातले एक जरी उत्तर लेखी मिळाले नाही, तर तिथून उठा.

शेवटच्या साठ प्रती उरल्या की पुनर्मुद्रणाचा विचार सुरू करा. पहिल्या कप्प्यातले चाळीस हजार आता पुन्हा लागत नाहीत, त्यामुळे प्रकाशनाची खरी कमाई इथून पुढे आहे. वाचकांनी कळवलेल्या चुका पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये पान-ओळ घालून टिपलेल्या असतील तर दुरुस्ती एका दुपारचे काम. चार अक्षरे सुधारली असतील तर श्रेयपानावर 'पुनर्मुद्रण' आणि वर्ष लिहा. मजकुरात भर घातली असेल तरच 'दुसरी आवृत्ती' म्हणा आणि तिच्यासाठी नवा आयएसबीएन घ्या.